किण्वनाची अखेर कोण ठरवितो? साष्टीतील माडी, अबकारी कायदे आणि घनतामापन : मरोळच्या संदर्भात एक ऐतिहासिक टिपण

प्रस्तावना :
गोड रस आंबला की त्याचे मद्य होते आणि तो उघडा राहून अधिक आंबला की शिरका होतो. या दोन अवस्थांच्या मध्ये किण्वन नेमके केव्हा पूर्ण झाले, हा प्रश्न घरी मद्य तयार करणाऱ्या प्रत्येक समाजापुढे उभा राहिला आहे. प्रस्तुत लेखात साष्टी बेटावरील मरोळ परिसराच्या संदर्भात या प्रश्नाचा वेध घेण्याचा प्रयत्न केला आहे. शासनाकडे मोजण्याचे साधन होते. परंतु त्याने महसुलास उपयुक्त तेवढेच मोजले, किण्वनाची अखेर ओळखण्याचे ज्ञान लोकांच्या जिभेवर व कानांवरच राहिले, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

घरगुती परीक्षा :
मरोळ हे ईस्ट इंडियन समाजाचे जुने गावठाण होय. येथील 1579 मधील चर्च 1840 च्या साथीनंतर ओस पडले. त्याचे अवशेष आज सीप्झच्या आवारात आहेत. या समाजाच्या स्वयंपाकात माडीला महत्त्वाचे स्थान होते. माडाची पोय छेदून मिळणारा ताजा रस म्हणजे नीरा. तिच्यात सुमारे 12 ते 15 टक्के साखर असते व काही तासांतच ती आंबू लागते. फुग्यांचे पीठ फुगविण्यासाठी जोमाने फसफसणारी माडी लागे, तर लोणच्यासाठी लागणारा शिरका करण्यास आंबून झालेली. म्हणजेच एकाच रसाच्या वेगवेगळ्या अवस्था अचूक ओळखणे ही घरातील नित्याची गरज होती. फेस, गोडी, वास आणि बुडबुड्यांचा आवाज हीच त्या परीक्षेची साधने होती.

शासनाचे मोजमाप :
मुंबई अबकारी कायदा, 1878 नुसार माडाचा रस आंबलेला असो वा नसो, तो 'ताडी' या व्याख्येतच येत असे. कर झाडावर होता. त्यामुळे रसाची अवस्था मोजण्याची शासनास गरजच नव्हती. मरोळ तेव्हा ठाणे जिल्ह्याच्या साष्टी तालुक्यात होते. मुंबई उपनगर जिल्हा 1920 मध्ये निर्माण झाला. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांकरिता 1892 मध्ये मोहफुलांविषयीचा कायदा झाला, त्याचाही रोख कच्च्या मालावर होता. गाळलेल्या दारूची तीव्रता मात्र साइक्सच्या हायड्रोमीटरने तपासली जाई. इंग्लंडमध्ये 1816 च्या कायद्याने मान्य झालेल्या या उपकरणाची खूण आजही दिसते. भारतीय बाटल्यांवरील 42.8 टक्के हा आकडा 'प्रूफ'पेक्षा 25 अंश कमी, या जुन्या मोजमापाचेच रूपांतर आहे.

मुंबई दारूबंदी अधिनियम, 1949 मध्ये नीरा ही न आंबलेला रस म्हणून ताडीपासून वेगळी करण्यात आली. आता किण्वनाचा आरंभ महत्त्वाचा ठरला. मडक्यास आतून चुना लावणे हा तो लांबविण्याचा उपाय होय. अशा रीतीने कायद्याने झाड मोजले, मोहफूल मोजले, तीव्रता मोजली, आरंभही ठरविला. अखेर मात्र कोणीच मोजली नाही.

अखेर मोजण्याचे शास्त्र :
वास्तविक त्याच तत्त्वावर चालणारे उपकरण हे काम करू शकते. साखरेचा द्राव पाण्याहून जड, तर मद्यार्क पाण्याहून हलका असतो. यीस्ट साखर खात जाते तशी द्रवाची घनता घटते. घरगुती बिअरचा प्रारंभीचा अंक 1.050 असल्यास तो बहुधा 1.010 च्या आसपास येऊन थांबतो. लागोपाठ दोन-तीन दिवस अंक तोच राहिला आणि तो अपेक्षित पातळीस आला असला, तर किण्वन पूर्ण झाले असे मानता येते. अंक वरच अडकला असल्यास यीस्ट केवळ मंदावलेले असू शकते. बुडबुडे थांबणे हा पुरावा नव्हे. तापमान बदलले तरी वायू सुटतो किंवा थांबतो. नमुन्यातील वायू आधी ढवळून काढावा लागतो, कारण नळीस चिकटलेले बुडबुडे तिला वर उचलतात. शिवाय 60 अंश फॅरनहाइटसाठी आखलेली नळी आपल्याकडील 30 अंश सेल्सिअस तापमानात सुमारे 0.003 ने कमी अंक दाखविते. घाईने बाटलीबंद केलेल्या द्रवात साखर उरली, तर साठलेल्या वायूने बाटली फुटून इजा होऊ शकते.

समारोप :
जीभ व कान यांचे ज्ञान अशास्त्रीय होते असे म्हणता येत नाही. ते रोजच्या वापरातून तपासले जात होते. मात्र ते माडावर चढणाऱ्यांच्या आणि स्वयंपाकघरातील स्त्रियांच्या अनुभवात साठलेले होते, कागदावर नव्हते. मरोळच्या वाड्यांच्या जागी कारखाने व इमारती आल्या, माड कमी झाले आणि त्या परीक्षेचा आधारही सरला. अबकारी दप्तरांतून कराचा इतिहास सापडतो. रस केव्हा 'झाला' हे सांगणाऱ्यांचा इतिहास मिळविण्यासाठी गावठाणांतील वृद्धांच्या मौखिक आठवणींची नोंद वेळीच होणे आवश्यक आहे.