टणकन वाजणारा पाक

संक्रांतीच्या आदल्या रात्री मुकुटबनच्या आमच्या घरात गुळाचा वास दाटून येई. आजी चुलीवर पाक ढवळायची, वाटीतल्या पाण्यात थेंब टाकायची आणि झालेली गोळी ताटलीवर आपटायची. टणकन वाजली की लगेच तीळ कढईत. जरा उशीर झाला की पाक कडू. तेलंगणाची सीमा जवळच. शेजारच्या काकू दारातून विचारायच्या, ‘बेल्लम झालं का?’ बेल्लम म्हणजे तेलुगूत गूळ.

पुढे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात फाणित, गूळ, मत्स्यंडिका, खंड, शर्करा अशी यादी वाचली. सगळी उसाच्या रसाचीच रूपं. त्यातला ‘खंड’ फारसीत ‘कंद’ झाला, अरबीतून युरोपात गेला आणि ‘कँडी’ होऊन आपल्याकडे परतला. ‘शर्करा’ची तशीच ‘शुगर’ झाली. तिकडे नाताळात काही घरांत कॅरॅमल करतात. साखर साधारण १६० अंशांपुढे तांबूस होते, आणखी तापली की करपते. त्यासाठी ते थर्मामीटर वापरतात. आजीचं कानावर भागायचं.

एवढं करूनही हळदीकुंकवाला ती माजघरातच बसे. ती विधवा होती. तिच्या हातच्या वड्या ओसरीवर वाटल्या जायच्या, तिला मात्र बाहेर कुणी बोलावत नसे. एका वर्षी आईने तिला हात धरून ओसरीवर आणलं आणि पहिली वडी तिच्याच हातून वाटली. दोन बायका उठून गेल्या. बाकीच्यांनी वडी घेतली.

आता ताटलीवर गोळी मी आपटते.