गुणधर्माचे वाचन आणि लेखन

येथे ‘गुणधर्म’ हा शब्द प्रॉपर्टी या संज्ञेसाठी योजला आहे. बाहेरून तो ऑब्जेक्टमध्ये साठवलेल्या साध्या मूल्यासारखा दिसतो, परंतु ते मूल्य वाचताना एक फंक्शन चालते, ज्याला गेटर म्हणतात, आणि नवे मूल्य देताना दुसरे चालते, ज्याला सेटर म्हणतात. पायथन भाषेत ही सोय २००१ साली आलेल्या २.२ या आवृत्तीपासून आहे, तर सेटर डेकोरेटरने लिहिण्याची आजची रूढ पद्धत २००८ च्या २.६ या आवृत्तीत आली. तापमान सेल्सिअसमध्ये ठेवणाऱ्या ऑब्जेक्टला कोणी उणे ३०० हे मूल्य देऊ केले, तर उणे २७३.१५ या निरपेक्ष शून्याखालची ती संख्या सेटर जागच्या जागी नाकारू शकतो. फॅरनहाइटचे मूल्य मात्र कोठेही न साठवता गेटर मागणीसरशी मोजून देतो. नवशिक्यांची फसगत होते ती सेटरच्या आत : तेथे पुन्हा त्याच नावाला मूल्य दिले, की सेटर स्वतःलाच बोलावत राहतो आणि अखेर रिकर्शनची मर्यादा ओलांडल्याची त्रुटी येऊन प्रोग्रॅम थांबतो, म्हणून खरे मूल्य नावाआधी अधोरेषा जोडून वेगळे ठेवतात. ही अधोरेषा म्हणजे दारावरची नुसती पाटी असून दाराला कुलूप नसते, तेव्हा तिला ‘संरक्षण’ म्हटले, तरी तो शब्द सैल अर्थानेच घ्यावा. जावामध्ये खासगी मूल्याला बाहेरून हात लावू पाहणारी ओळ कंपायलरच अडवतो, पण त्यापायी काहीही न तपासणाऱ्या गेटर-सेटरच्या जोड्यांनी पानेच्या पाने भरतात.