पाचगावची गोळी



गेल्या महिन्यात उमरेडला लग्नाला निघालो. गाडीत माझे दोघेही भाऊ होते, पण एकमेकांशी अवाक्षर बोलले नाहीत. काटोलकडच्या बाबांच्या संत्र्याच्या बागेची वाटणी अडली आहे. झाडे मोजून झाली, विहीर कोणाची ते ठरत नाही.

वाटेत पाचगाव लागले आणि मला नागपूरकर भोसले आठवले.

पहिले रघूजी १७५५ मध्ये वारले. त्यांना चार मुलगे. जानोजी वयाने मोठे, पण धाकट्या राणीचे. मुधोजी थोरल्या राणीचे. दोघांनाही आपलाच हक्क खरा वाटे. शेवटी पेशव्यांच्या मध्यस्थीने जानोजींना सेनासाहेब सुभा हे पद, मुधोजींना चांदा, बिंबाजींना छत्तीसगड आणि साबाजींना वऱ्हाडातील दारव्हा मिळाले. पुण्याला मात्र नजराणा द्यावा लागला. मी कॉमर्सची, म्हणून सांगते: भावांच्या भांडणात जमेची बाजू नेहमी तिसऱ्याची असते.

१७७२ मध्ये जानोजी निपुत्रिक गेले. त्यांनी मुधोजींचा मुलगा रघूजी याला वारस ठरवले होते. साबाजींना ते मान्य नव्हते. १७७५ च्या जानेवारीत पाचगावला दोघांच्या फौजा भिडल्या. मुधोजींचा हत्ती वेढला गेला. साबाजी जवळ आले, आणि मुधोजींनी गोळी झाडली. भाऊ गेला, गादी मुलाला मिळाली.

पुढे १८५३ मध्ये तिसरे रघूजी पुत्राविना वारले आणि पुढच्याच वर्षी इंग्रजांनी राज्य खालसा केले. ज्या गादीसाठी भावाने भावाला मारले, ती ऐंशी वर्षेही टिकली नाही.

आपल्या पुराणात बाहुबलींनी भरताला वर उचलले होते. जिंकलेलेच होते. तरी त्यांनी भावाला अलगद खाली ठेवले आणि राज्यच सोडले. पाचगावला हत्तीवर बसलेल्याला तेवढे जमले नाही.

२००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचाही बरोबरीचा वाटा आहे, आणि हा कायदा आपल्या जैनांनाही लागू आहे. मी हक्कसोडपत्रावर सही करणारच होते. आता दोघांना सांगितले आहे, क्षमावाणीला माझ्याकडे या, एकत्र जेवा. विहिरीचे पाणी पाळीने घ्यायचे ठरवा. मग सही.

धाकट्याने येतो म्हणून कळवले आहे. थोरल्याच्या फोनची वाट पाहते आहे.