विहाराच्या अंगणातील ढोलकी : देहूरोड आणि आंबेडकरी कलापथकांची परंपरा

देहू हे नाव उच्चारले की महाराष्ट्रातील कोणाही माणसाला इंद्रायणी आणि तुकोबांची गाथा आठवते. आम्हा बौद्धांना मात्र या नावापुढे लागलेला 'रोड' हा शब्द अधिक जवळचा आहे. तुकोबांच्या गावापासून काही किलोमीटर अंतरावर, मुंबई-पुणे लोहमार्गावरील देहूरोड येथे २५ डिसेंबर १९५४ रोजी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची स्वहस्ते प्रतिष्ठापना केली. नागपूरच्या धम्मदीक्षेला तेव्हा जवळजवळ दोन वर्षांचा अवकाश होता. बौद्ध धम्माच्या ऱ्हासानंतर सुमारे बाराशे वर्षांनी बुद्धमूर्ती बसविण्याचा मान या लोकांना मिळत आहे, असे बाबासाहेबांनी त्या दिवशी सांगितले. सामान्य माणसाला समजेल अशा भाषेत बुद्धाच्या शिकवणीचा ग्रंथ आपण लिहीत आहोत, हेही त्यांनी तेथेच जाहीर केले. तो ग्रंथ 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या नावाने आपणा सर्वांच्या घरी आहे. त्याचे इंग्रजी प्रकाशन बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५७ साली झाले.

देहूरोडच्या या घटनेविषयी पुष्कळ लिहिले व बोलले गेले आहे, आणि दरवर्षी २५ डिसेंबरला धम्मभूमीवर लोटणारा जनसमुदाय तिचे स्मरण ठेवून आहे. प्रस्तुत लेखात आम्हास वेगळ्या बाजूकडे वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे. विहार उभे राहिले, मूर्ती आली, ग्रंथही आला. परंतु तो ग्रंथ ज्यांना वाचता येत नव्हता अशा हजारो स्त्री-पुरुषांपर्यंत धम्म कोणी नेला? भिक्खू संख्येने मोजके होते. भारतीय बौद्ध महासभा १९५५ साली स्थापन झाली, पण तिची शाखा वस्तीवस्तीत पोहोचण्यास वेळ लागला. हे काम मोठ्या प्रमाणावर केले ते पेटी, ढोलकी आणि एक वही एवढेच भांडवल असलेल्या गायन पार्ट्यांनी, जलशांनी व कलापथकांनी. आमच्या इतिहासलेखनात त्यांना अद्याप पानाच्या कडेचीच जागा मिळालेली आहे.

या मंडळींचा वारसा दुहेरी आहे. पैकी एक धागा देहूचाच आहे. दिंडी ही केवळ भक्तीची रांग नसते. ती गावकऱ्यांनी चालविलेली संगीताची संस्था असते. तिच्यात विणेकरी ठरलेला, टाळकऱ्यांच्या जागा ठरलेल्या, मृदंग कोणाच्या गळ्यात हेही ठरलेले. तुकोबांचे पुत्र नारायणबाबा यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस देहूहून पालखी सुरू केली, तेव्हापासून ही शिस्त पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. महारवाड्यातही एकतारी भजनाची मंडळे होती, परंतु पंढरपुरात त्यांचा अभंग महाद्वाराबाहेर, चोखोबांच्या समाधीपाशी थांबत असे. विठ्ठलमंदिराचा दरवाजा उघडण्यासाठी १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले. गाणे आत आणि गाणारा बाहेर, हा अनुभव आमच्या वाडवडिलांच्या अंगवळणी पडला होता. तरीही बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढले तेव्हा शिरोभागी तुकोबांचाच अभंग छापला, हे विसरून चालणार नाही. देहूरोडच्या भाषणात त्यांनी पंढरपूरची मूर्ती मूळची बुद्धाची असल्याचे मत मांडले आणि त्यावर प्रबंध लिहिण्याचा मानस सांगितला. ते लेखन झाले नाही. त्या मताचा निवाडा इतिहाससंशोधकांनी करावा. आम्हास येथे एवढेच नोंदवावयाचे आहे की, देहूच्या हाकेच्या अंतरावर उभे राहून त्यांनी संतपरंपरेकडे पाठ फिरविली नाही, तिच्याशी वाद घातला.

दुसरा धागा तमाशाचा. चाकणहून नाशिकच्या रस्त्याने उत्तरेस गेले की नारायणगाव लागते, आणि त्याच जुन्नर तालुक्यात ओतूर आहे. तमाशाची पंढरी म्हणून नारायणगावाची ख्याती आहे. ओतूरची ख्याती कमी, पण आमच्या दृष्टीने महत्त्व अधिक. कारण महात्मा फुले यांनी १८७३ साली स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाचा विचार तमाशाच्या साच्यात ओतून जलसा उभा करण्याचे श्रेय ओतूरच्या भीमराव महामुनींकडे जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेला हा प्रकार पुढे महाराष्ट्रभर पसरला. सावकार, भटजी, कुलकर्णी हे वगातील पात्र झाले आणि खेड्यातील निरक्षर शेतकरी स्वतःची फसवणूक रंगमंचावर पाहून हसू लागला. हसणे ही विचार करण्याची पहिली पायरी होती.

आंबेडकरी जलसा याच मार्गाने आला, पण त्याने मार्ग बराच दुरुस्त केला. १९२७ चा महाडचा सत्याग्रह आणि २ मार्च १९३० रोजी सुरू झालेला नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह यांनी तरुणांची एक पिढी जागी केली. कसबे सुकेणे येथील भीमराव कर्डक आणि त्यांचे नाशिकचे सहकारी त्या पिढीतील. तमाशाचा क्रम म्हणजे गण, गौळण, बतावणी आणि वग. या मंडळींनी साचा ठेवला, आशय बदलला. गणपतीच्या गणाऐवजी चळवळीला वंदन आले. गौळणीतील छेडछाड गेली, आणि शिक्षण, स्वच्छता, सभेला जाणे यांविषयीचे संवाद आले. वगात मृतमांस, येसकरकी, दारू, कर्ज हे विषय आले. ढोलकी, हलगी, तुणतुणे, झांज तीच राहिली. मात्र तमाशात जातीने लादलेली लाचारी होती, प्रेक्षकाची नजर कलावंताला विकत घेत असे, ते येथे संपले. पठ्ठे बापूराव यांनी चळवळीसाठी तमाशाच्या उत्पन्नातून मदत देऊ केली व बाबासाहेबांनी ती नाकारली, अशी एक आख्यायिका आहे. तीत तपशिलाचे मतभेद असतील, पण समाजाने ती जपून ठेवली यातच तिचा अर्थ आहे. कलेला विरोध नव्हता, कलावंताच्या विक्रीला होता. म्हणूनच त्याच बाबासाहेबांच्या तोंडी, आपल्या दहा भाषणांची बरोबरी एक जलसा करतो, असा उद्गार लोक आजही घालतात. भीमराव कर्डक यांनी 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' हे पुस्तक १९७८ साली स्वतः लिहून ठेवले म्हणून निदान नाशिकची हकीकत आपल्याला माहीत आहे. पुढे १९९२ साली डॉ. कृष्णा किरवले यांचा 'आंबेडकरी शाहिरी : एक शोध' हा ग्रंथ आला. असे लेखन बोटांवर मोजण्याइतकेच आहे.

आता देहूरोड-पिंपरीच्या पट्ट्याकडे येऊ. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात येथे लष्करी भांडारे वाढली आणि त्यांच्या आधाराने मजुरांच्या वस्त्या झाल्या. १९५४ सालीच पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९५८ साली देहूरोडचे कटकमंडळ निघाले, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि त्यानंतरच्या दशकांत आकुर्डी, चिंचवड, भोसरीपासून चाकणपर्यंत कारखान्यांची रांग लागली. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाडा, सोलापूर, नगर येथील माणसे पोटापाण्यासाठी इकडे ढकलली. वेगवेगळ्या जिल्ह्यांतून आलेल्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या या कुटुंबांना एकत्र आणणारी जागा होती वस्तीतील विहार. आणि संध्याकाळी तेथे माणसे जमविणारी वस्तू होती ढोलकी.

अशा गायन पार्टीची घडण मुद्दाम नोंदविण्यासारखी आहे. एक मुख्य गायक, दोन-चार कोरसवाले, पेटीवाला, ढोलकीवाला. वाद्ये वर्गणीतून घेतलेली आणि विहाराच्या कपाटात ठेवलेली. तालीम सर्वांच्या पाळ्या सांभाळून व्हायची. पहिल्या पाळीचा माणूस लवकर उठून जायचा, दुसऱ्या पाळीचा रात्री उशिरा येऊन बसायचा. कार्यक्रमाला कमतरता नव्हती. १४ एप्रिल, बुद्ध पौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिन हे तर होतेच, पण नामकरण, मंगलपरिणय, गृहप्रवेश, पुण्यानुमोदन या प्रत्येक प्रसंगी गाणे लागे. येथेच त्यांच्या कार्याचे खरे मोल आहे, असे आम्हास वाटते. १९५६ च्या दीक्षेने जुने विधी गेले. बावीस प्रतिज्ञांनी काय करावयाचे नाही हे स्पष्ट झाले. परंतु घरात मूल जन्मले तर त्या रात्री म्हणावयाचे काय? जात्यावरच्या ओव्या आणि पाळणे जुन्या देवांच्या नावांनी भरलेले. ही रिकामी जागा पोथीने भरली नाही, गाण्याने भरली. सिद्धार्थाचा पाळणा, यशोधरेची व्यथा, रमाईचे कष्ट, महाडचे पाणी हे सारे आमच्या आया-बहिणींना अक्षरओळखीच्या आधी पाठ झाले. सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे १९२२ साली जन्मलेले वामनदादा कर्डक स्वतः मोठेपणी वाचावयास शिकले, आणि त्यांच्या गीतांनी किती जणांना वाचण्याची ओढ लावली याची गणती नाही. २००४ साली ते गेले तेव्हा ती गीते त्यांचे नाव माहीत नसलेल्या लोकांच्याही तोंडी होती.

येथे काही उपासक एक शंका काढतात आणि ती टाळणे योग्य नव्हे. अष्टशीलातील सातवे शील नृत्य, गीत व वाद्य यांपासून दूर राहण्याचे आहे. मग विहारात ढोलकी कशी? शंका प्रामाणिक आहे. अंगुत्तर निकायात गायनाच्या लांबलचक सुरात धम्म म्हणण्याचे पाच दोष सांगितले आहेत : म्हणणारा स्वतः सुरावर लुब्ध होतो, ऐकणारेही लुब्ध होतात, गृहस्थ नावे ठेवतात, समाधीचा भंग होतो, आणि पुढची पिढी तेच अनुकरण करते. परंतु हा उपदेश भिक्खूंना आहे, आणि विनयात त्याच ठिकाणी 'सरभञ्ञ' म्हणजे सस्वर पठण करण्यास अनुमती आहे. दीघ निकायातील सक्कपञ्ह सुत्तात पञ्चसिख गंधर्व इंदसाल गुहेपाशी वीणा घेऊन गातो. त्याचे गीत तर चक्क प्रेमगीत आहे, त्यात बुद्ध, धम्म आणि अर्हत् गुंफलेले आहेत. भगवान त्याला रागावत नाहीत. तुझ्या तारांचा सूर आणि गीताचा सूर एकमेकांत छान मिसळतात, असे म्हणतात. उलट तालपुट नावाच्या नटांच्या नायकाला मात्र, प्रेक्षकांतील राग, द्वेष व मोह वाढविणाऱ्या कलेचे फळ वाईट आहे, हे परखडपणे ऐकावे लागले. तो रडला, प्रव्रजित झाला, आणि थेरगाथेत त्याची दीर्घ गाथा आहे. म्हणजे नट गेला तरी कवी राहिला. अश्वघोषाने 'सौन्दरनन्द' काव्याच्या शेवटी कडू औषध मधात कालवून दिल्याचा दृष्टान्त दिला आहे. त्याच्याच 'शारिपुत्रप्रकरण' या नाटकाचे तुटक अवशेष मध्य आशियात सापडले व १९११ साली ल्यूडर्स यांनी प्रसिद्ध केले. संस्कृत नाटकाचे उपलब्ध असलेले सर्वांत जुने नमुने ते हेच. तेव्हा उपोसथाच्या दिवशी अष्टशील घेतलेल्याने संयम पाळावा, हे ठीक. एरवी कसोटी एकच धरावी : हे गाणे राग-द्वेष-मोह वाढविते की कमी करते?

ही कसोटी लावली तर आजच्या मिरवणुकीतील ध्वनिक्षेपकांच्या भिंती कोठे बसतात, ते वाचकांनी ठरवावे. कॅसेट आली तेव्हा काही नामवंत गायकांचा आवाज घरोघरी गेला, ही जमेची बाजू. पण वस्तीतील गायन पार्टी त्या आवाजापुढे फिकी वाटू लागली. पुढे भाड्याच्या यंत्रणेने तिची तालीमच बंद पाडली. यंत्रासाठी वर्गणी गोळा होते; फुटलेल्या ढोलकीच्या पुडीसाठी होत नाही. काही ठिकाणी तरुण पुन्हा हलगी हाती घेत आहेत, हे पाहून आम्हास आनंद होतो. परंतु जुने गायक वृद्ध झाले आहेत आणि त्यांच्या वह्या रद्दीत जात आहेत.

या वह्यांचे मोल कळण्यासाठी लांब जावयास नको. तुकोबांचे अभंग इंद्रायणीत बुडविले गेले आणि तरले, असे सांगितले जाते. चमत्कार बाजूस ठेवला तर ते तरले याचे एक मोठे कारण चाकणचे आहे. तेथील संताजी जगनाडे हे जातीने तेली, तुकोबांच्या टाळकऱ्यांपैकी एक. त्यांनी अभंग स्वतःच्या वहीत उतरवून घेतले. तीच वही पुढे वि. ल. भावे यांनी 'अस्सल गाथा' म्हणून छापली. आमच्या गीतकारांना असे संताजी किती लाभले? देहूरोडजवळच्या शेलारवाडीच्या लेण्यात, धेनुकाकट येथे राहणाऱ्या एका शेतकरी कुटुंबातील स्त्रीने दिलेल्या दानाचा शिलालेख आहे. दोन हजार वर्षांच्या आसपासचा हा लेख, आणि त्या बाईचे नाव आजही वाचता येते. १९६० च्या सुमारास आमच्या वस्त्यांत भीमाचा पाळणा प्रथम कोणी रचला, हे मात्र आम्ही सांगू शकत नाही.

म्हणून प्रत्येक विहार समितीला आमची विनंती आहे की, येत्या वर्षावासात ग्रंथवाचनाबरोबर एक संध्याकाळ जुन्या गायकांसाठी ठेवावी. त्यांच्या वह्यांच्या प्रती काढाव्यात, गीतकाराचे नाव, गाव आणि कारखाना किंवा डेपो लिहून घ्यावा. आणखी एक गोष्ट निकडीची आहे. या वह्यांत प्रत्येक गीताच्या माथ्यावर 'चाल' म्हणून दोन-चार शब्द असतात. एखाद्या चित्रपटगीताचे, लावणीचे किंवा भजनाचे पहिले शब्द. त्यांतील अनेक मूळ गाणी आता कोणी गात नाही. गीताचे शब्द वहीवरून केव्हाही उतरविता येतील. चाल मात्र ज्याला येते त्याच्याकडून, तो गाऊ शकतो तोवरच, ध्वनिमुद्रित करून घ्यावी लागेल.