पिता, पुत्र आणि एक अपुरी मिस्सा

साल्झबर्ग येथील सेंट पीटर मठाच्या चर्चमध्ये २६ ऑक्टोबर १७८३ रोजी एक नवी मिस्सा गायिली गेली. तिचा रचनाकार याच शहरात जन्मलेला, सत्तावीस वर्षांचा वोल्फगांग मोझार्ट होता. तीतील स्त्रीस्वराचा एकल भाग गाणारी त्याची पत्नी कॉन्स्टान्झे होती. विवाहाला सव्वा वर्ष लोटले होते. परंतु सासरच्या माणसांची तिची पहिली भेट त्या उन्हाळ्यातच झाली होती. तीन दिवस आधीच्या तालमीला मोझार्टची बहीण नानर्ल उपस्थित होती. भावाच्या मिस्सेत भावजय एकल भाग गाते, एवढीच कोरडी नोंद तिने आपल्या रोजनिशीत केली. ती मिस्सा अपुरी होती. श्रद्धांगीकाराचे संगीत अर्ध्यावर थांबलेले होते आणि देवाच्या कोकराला आळवणारी अखेरची विनवणी लिहिलीच गेली नव्हती. ती पुढेही कधी लिहिली गेली नाही.

ही मिस्सा कोणा राजाने वा आर्चबिशपांनी मागितलेली नव्हती. तिच्यामागे एक वचन होते. ४ जानेवारी १७८३ च्या पत्रात मोझार्टने वडिलांना कळविले होते की, पत्नीला साल्झबर्गला घेऊन येण्यासंबंधी आपण मनोमन जे वचन दिले त्याची साक्ष म्हणून अर्धी मिस्सा टेबलावर पडून आहे. सुनेने सासऱ्याच्या घराचा उंबरठा ओलांडावा म्हणून पुत्राला परमेश्वराशी वचनबद्ध व्हावे लागले! असे त्या घरात काय घडले होते? मोझार्टच्या संगीताविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्ही येथे त्याच्या घराचा विचार करणार आहोत.

पिता लिओपोल्ड मोझार्ट याचा जन्म १७१९ मध्ये ऑग्सबर्ग येथे एका पुस्तक बांधणाऱ्या कारागिराच्या घरी झाला. येशूसंघीयांच्या शाळेत शिकून तो १७३७ मध्ये साल्झबर्गच्या बेनेडिक्टाइन विद्यापीठात दाखल झाला. त्याने धर्मगुरू व्हावे, अशी वडीलधाऱ्यांची इच्छा होती. परंतु त्याचे मन संगीतात गुंतले होते. वर्गातील गैरहजेरीमुळे १७३९ मध्ये विद्यापीठाने त्याला काढून टाकले. पुढे तो साल्झबर्गच्या आर्चबिशपांच्या वाद्यवृंदात व्हायोलिनवादक झाला आणि चढत चढत उपसंगीतप्रमुखाच्या पदापर्यंत पोहोचला. व्हायोलिनवादनाच्या शिक्षणावर त्याने लिहिलेला ग्रंथ १७५६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि युरोपभर मान्यता पावला. घरच्यांच्या अपेक्षा बाजूला सारून ज्याने स्वतःचा मार्ग निवडला, त्याच माणसाची पुढे पिता म्हणून कसोटी लागायची होती.

लिओपोल्ड आणि त्याची पत्नी आना मारिया यांना सात अपत्ये झाली. त्यांपैकी दोनच जगली: १७५१ मध्ये जन्मलेली मारिया आना, म्हणजेच नानर्ल, आणि २७ जानेवारी १७५६ रोजी जन्मलेला वोल्फगांग. जन्माच्या दुसऱ्याच दिवशी साल्झबर्गच्या कॅथेड्रलमध्ये त्याचा स्नानसंस्कार झाला. पाच मुले गमावलेल्या मातापित्यांनी उरलेल्या दोघांकडे कोणत्या नजरेने पाहिले असेल, हे वाचकांना सांगावयास नको. लिओपोल्डने नानर्लसाठी धड्यांची एक वही तयार केली होती. तीच वही हाती घेऊन तिचा धाकटा भाऊ शिकला. मुलाची प्रतिभा ध्यानी आल्यावर पित्याने ती देवाने साल्झबर्गात घडविलेला चमत्कार मानली, आणि तो चमत्कार जगाला दाखविणे हे आपले कर्तव्य मानले. स्वतःची रचनाकार म्हणून असलेली आकांक्षा त्याने जवळजवळ सोडून दिली.

जून १७६३ ते नोव्हेंबर १७६६ अशी तब्बल साडेतीन वर्षे हे चौघांचे कुटुंब घोडागाडीने युरोपभर फिरले. म्युनिक, पॅरिस, लंडन, हेग अशा शहरांतून भावंडांनी राजेरजवाड्यांसमोर वादन केले. कौतुक झाले, पैसा मिळाला. पण किंमतही मोजावी लागली. १७६५ मध्ये हेग येथे नानर्ल विषमज्वराने इतकी खंगली की, तिला अंतिम संस्कार देण्यात आले. ती वाचली, तोच वोल्फगांग आजारी पडला. पित्याने मुलांच्या उशाशी रात्री जागून काढल्या, आणि मुले बरी होताच प्रवास पुन्हा सुरू झाला. प्रेम आणि महत्त्वाकांक्षा यांची सीमारेषा लिओपोल्डला स्वतःलाही दिसत नसावी, असे आम्हांस वाटते.

डिसेंबर १७६९ मध्ये बापलेक इटलीला निघाले, तेव्हा नानर्ल आईसोबत घरी राहिली. ती अठरा वर्षांची होती. मुलगी उपवर झाली, आता तिने व्यासपीठावर वाजविणे पुरे, असा तो काळ होता. रोममध्ये पवित्र आठवड्यात वोल्फगांगने सिस्टीन चॅपेलमधील आल्लेग्रीची 'मिझेरेरे' ही रचना ऐकून स्मरणातून लिहून काढली आणि त्याच वर्षी पोप चौदावे क्लेमेंट यांनी त्याला 'गोल्डन स्पर'चा मान देऊन सरदारकी बहाल केली. इकडे साल्झबर्गात बहीणही रचना करीत होती. तिने पाठविलेले एक गीत पाहून भावाने पत्रातून तिचे मनापासून कौतुक केले होते. तिची एकही रचना आज उपलब्ध नाही.

पितापुत्रांतील पहिला मोठा तडा १७७७ मध्ये गेला. आर्चबिशप कोलोरेडो यांच्या चाकरीला कंटाळून वोल्फगांग दुसरीकडे नोकरी शोधण्यास निघाला. लिओपोल्डला रजा मिळाली नाही म्हणून आई सोबत गेली. मानहाइम शहरात एकवीस वर्षांचा मुलगा आलॉयझिया वेबर नावाच्या गायिकेच्या प्रेमात पडला आणि तिच्या कुटुंबासह इटलीला जाण्याचे बेत करू लागला. हे कळताच लिओपोल्डने कर्जाची आणि कर्तव्याची आठवण देणारी कठोर पत्रे पाठवून त्याला पॅरिसचा रस्ता धरावयास लावले. आई मानहाइमहून घरी परतणार होती. पण आता मुलाला एकटे सोडणे नको म्हणून तिलाही पॅरिसला जावे लागले.

तेथे ३ जुलै १७७८ रोजी आना मारियाचे निधन झाले. त्याच रात्री मोझार्टने दोन पत्रे लिहिली. वडिलांना लिहिले, आई फार आजारी आहे, देवावर भरवसा ठेवावा. दुसरे पत्र साल्झबर्गात राहणारे कुटुंबाचे स्नेही आबे बुलिंगर यांना होते. त्यात खरी बातमी होती आणि वडिलांची व बहिणीची मनःस्थिती हळूहळू तयार करावी, अशी विनंती होती. पहिले पत्र पोहोचले तेव्हा लिओपोल्ड पत्नीला संत आन्नाच्या सणाच्या, म्हणजे तिच्या नामदिनाच्या, शुभेच्छा लिहीत होता. ते पत्र वाचताच त्याने सत्य ओळखले. पुढील पत्रांतून दुःखासोबत दोषारोपही पॅरिसला पोहोचला. एका मृत्यूने बाप आणि मुलगा दोघेही पोरके झाले. परंतु ते एकमेकांच्या जवळ आले नाहीत.

साल्झबर्गला परतून मोझार्ट दरबारी ऑर्गनवादक झाला. 'राज्याभिषेकाची मिस्सा' या नावाने ओळखली जाणारी रचना त्याच सुमाराची, १७७९ ची आहे. पण १७८१ मध्ये व्हिएन्ना येथे आर्चबिशपांशी त्याचे उघड भांडण झाले आणि नोकरी संपली. पित्याच्या दृष्टीने हा वेडेपणा होता. त्यातच मुलगा वेबर कुटुंबाच्या घरी राहावयास गेला आणि आलॉयझियाची बहीण कॉन्स्टान्झे हिच्याशी विवाह करण्याची परवानगी मागू लागला. पित्याने ती लांबविली. ४ ऑगस्ट १७८२ रोजी सेंट स्टीफन्स कॅथेड्रलमध्ये विवाह लागला; पित्याची संमती दुसऱ्या दिवशी पोहोचली! काही दिवसांनी मोझार्टने वडिलांना लिहिले की, विवाहापूर्वी बराच काळ आम्ही दोघे बरोबरच मिस्सेला जात होतो, पापनिवेदन करीत होतो, आणि तिच्या शेजारी असताना माझी प्रार्थना अधिक भक्तीची होते. आपली पत्नी कशी आहे, हे वडिलांना पटविण्याचा यापेक्षा चांगला मार्ग त्या मुलाला सुचला नसावा.

आता प्रारंभीच्या मिस्सेकडे वळू. १७८३ च्या जुलै महिन्यात पतिपत्नी साल्झबर्गला आली, तेव्हा दोन महिन्यांचेही नसलेले त्यांचे पहिले बाळ व्हिएन्नात दाईकडे ठेवलेले होते. त्याच्या नावात आजोबांचे नाव होते: राइमुंड लिओपोल्ड. १९ ऑगस्ट रोजी ते बाळ तिकडेच मरण पावले. आजोबांनी त्याला कधी पाहिलेच नाही. दोन महिन्यांनी त्या बाळाच्या आईने मिस्सेत परमेश्वराच्या अवताराचे वर्णन करणारा भाग गायिला असेल काय? तो भाग हस्तलिखितात पूर्ण वाद्यांसह उतरलेलाच नाही. म्हणून त्याविषयी काही निश्चित म्हणता येत नाही. मिस्सा झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी दांपत्याने साल्झबर्ग सोडले. मोझार्ट पुन्हा जन्मगावी आला नाही.

तरीही सगळेच कडवट होते असे नाही. फेब्रुवारी १७८५ मध्ये लिओपोल्ड व्हिएन्नाला मुलाकडे राहावयास आला. १२ फेब्रुवारीच्या संध्याकाळी मोझार्टची नवी चौकडीवादने वाजविली गेली, तेव्हा थोर संगीतकार जोसेफ हायडन यांनी लिओपोल्डला सांगितले की, मला ठाऊक असलेल्या सर्व रचनाकारांमध्ये तुमचा पुत्र सर्वश्रेष्ठ आहे. लिओपोल्डने हे शब्द जपून मुलीला कळविले. आयुष्यभराच्या कष्टांची पावती त्याला मिळाली होती. त्याच वर्षी ती सहा वादने हायडन यांना अर्पण करताना मोझार्टने लिहिलेली प्रस्तावनाही बोलकी आहे: जगात पाठविण्यास निघालेल्या मुलांना पिता जसा विश्वासू मित्राच्या हवाली करतो, तशी ही आपली सहा मुले आपण सोपवीत आहोत, असा तिचा आशय होता. मुलांना सोडून द्यावे लागते, हे त्याला कळले होते.

लिओपोल्डला मात्र ते जमले नाही. नानर्ल १७८४ मध्ये संक्ट गिल्गेन येथील एका दोनदा विधुर झालेल्या, पाच मुलांच्या पित्याशी विवाहबद्ध झाली. १७८५ मध्ये झालेला तिचा पहिला मुलगा लिओपोल्डने आपल्याजवळच ठेवून घेतला आणि मोठ्या मायेने सांभाळला. परंतु १७८६ च्या नोव्हेंबरात वोल्फगांगने दूरच्या प्रवासासाठी आपली मुले काही काळ सांभाळाल का, असे विचारले, तेव्हा त्याने स्पष्ट नकार दिला. एका नातवासाठी उघडलेले दार दुसऱ्यांसाठी उघडले नाही.

२८ मे १७८७ रोजी लिओपोल्डचा मृत्यू झाला. त्यापूर्वी एप्रिलमध्ये, वडील आजारी असल्याचे कळताच, मोझार्टने त्यांना लिहिले होते की, मृत्यू हा माणसाचा खरा मित्र आहे आणि त्याची ओळख करून घेण्याची संधी दिल्याबद्दल आपण देवाचे आभार मानतो. पितापुत्रांमधील आज उपलब्ध असलेले हे शेवटचे पत्र. अंत्यविधीला मुलगा आला नाही, असा ठपका त्याच्यावर ठेवला जातो. पण व्हिएन्ना ते साल्झबर्ग हा त्या काळी काही दिवसांचा प्रवास होता आणि दफन दुसऱ्याच दिवशी झाले, हे विसरता कामा नये.

१९८४ च्या 'अमेडियस' या चित्रपटाने लिओपोल्डची काळी, धाक दाखविणारी आकृती जगाच्या मनात ठसविली. आम्ही त्या चित्राशी पूर्णतः सहमत नाही. मुलाची पत्रे लिओपोल्डने काळजीपूर्वक जपून ठेवली, म्हणून ती आज आपण वाचू शकतो. लिओपोल्डने व्हिएन्नाला मुलाला पाठविलेली पत्रे मात्र जवळजवळ सर्वच नाहीशी झाली आहेत. म्हणजे या भांडणात आपल्याला एकाच बाजूचा आवाज ऐकू येतो, आणि तोही दुसऱ्या बाजूने जपून ठेवला म्हणून! ज्या पित्याने आपल्याविरुद्धचा पुरावा स्वतःच सांभाळला, त्याचा न्याय करताना जरा थांबावयास हवे.

मोझार्ट आणि कॉन्स्टान्झे यांना सहा अपत्ये झाली आणि त्यांतलीही दोनच जगली. १७९१ च्या मे महिन्यात सेंट स्टीफन्स कॅथेड्रलच्या संगीतप्रमुखाचा बिनपगारी साहाय्यक म्हणून त्याची नेमणूक झाली. जूनमध्ये, कॉन्स्टान्झे गरोदरपणी उपचारासाठी बाडेन येथे राहत असताना, तेथील गायनवृंदाचे प्रमुख आंटोन श्टोल यांच्यासाठी त्याने ख्रिस्तशरीराच्या सणानिमित्त 'आवे वेरुम कॉर्पुस' रचले. अवघ्या ४६ मात्रांच्या खंडांची ही प्रार्थना जगभरच्या चर्चमधून आजही गायिली जाते. ५ डिसेंबर १७९१ रोजी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, मृतांसाठीची मिस्सा हातात अपुरी ठेवून तो गेला. ती त्याचा साहाय्यक झ्यूसमायर याने पूर्ण केली.

उरलेली कथा दोन स्त्रियांची आहे. पतीच्या निधनानंतर नानर्ल १८०१ मध्ये साल्झबर्गला परतली आणि पियानोच्या शिकवण्या करू लागली. कॉन्स्टान्झेने १८०९ मध्ये गेओर्ग निसेन यांच्याशी विवाह केला. पुढे ती दोघे साल्झबर्गात स्थायिक झाली. निसेन मोझार्टचे चरित्र लिहू लागले, तेव्हा नानर्लने वडिलांनी जपलेली चारशेच्या आसपास पत्रे त्यांच्या स्वाधीन केली. ज्या भावजयीला त्या घरात एकेकाळी जागा नव्हती, तिच्याच घरी त्या घराचा सारा ठेवा गेला. निसेन १८२६ मध्ये वारले. १८२८ मध्ये कॉन्स्टान्झेने ते चरित्र प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी, शेवटची काही वर्षे अंधत्वात काढून, नानर्ल वारली. सेंट पीटरच्या ज्या चर्चमध्ये भावाची अपुरी मिस्सा गायिली गेली होती, त्याच्याच दफनभूमीत तिला चिरविश्रांती मिळाली.

आपल्या घरांतही गुणी मुले असतात आणि त्यांच्यासाठी झिजणारे आईबाप असतात. दिलेल्या कष्टांचा हिशेब मागावा की न मागावा, मुलाने निवडलेल्या वाटेला संमती द्यावी की लांबवावी, हे प्रश्न केवळ थोरामोठ्यांच्या घरचे नाहीत. लिओपोल्डची संमती एक दिवस उशिरा पोहोचली. ते पत्र एक दिवस आधी पोहोचले असते, तर कदाचित त्या मिस्सेची गरजच पडली नसती. आणि पडलीच असती, तर ती पूर्ण झाली असती, असे आम्हांस राहून राहून वाटते.