शाहू महाराजांचा खंड्या

साताऱ्यानजीक, कृष्णा व वेण्णा यांच्या संगमावर, माहुली हे क्षेत्र आहे. तेथील घाट व देवालये पाहावयास जाणाऱ्यांस राजघराण्यातील समाध्यांबरोबर एका कुत्र्याची समाधीही दाखविली जाते. हा खंड्या, थोरल्या शाहू छत्रपतींचा लाडका कुत्रा. शिकारीत वाघाशी गाठ पडली असता त्याने महाराजांचे प्राण वाचविले, अशी कथा परंपरेने चालत आली आहे.

या कुत्र्याविषयी इतिहासात दोन प्रकारे लिहिलेले आढळते. १८१८ ते १८२२ या काळात साताऱ्यास इंग्रजांचा प्रतिनिधी असलेल्या ग्रँट डफ याने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे, धाकट्या राणीसाहेब सगुणाबाई यांच्या मृत्यूने महाराजांच्या चित्तास भ्रम झाला. त्या अवस्थेत त्यांनी कुत्र्यास जरीची वस्त्रे व जवाहीर घालून आपली पगडी त्याच्या डोक्यावर ठेविली, आणि पुढे स्वतः कधी शिरोभूषण धारण केले नाही. खंड्याच्या नावे जहागिरीची व पालखीच्या मानाची सनदही दिली. भोवतालच्या मंडळींनी हे सारे राजाचे वेड म्हणून चालवून घेतले. मराठी परंपरा मात्र हाच प्रसंग निराळ्या रीतीने सांगते. घोड्यांना चांदीचे नाल ठोकून मिरविणारे इंद्रोजी कदम दरबारी येणार, तेव्हा त्यांचा तोरा उतरविण्यासाठी महाराजांनी सारे अलंकार खंड्यास घातले आणि आपण साध्या शुभ्र वेषात बसले. एकास जो भ्रम दिसला, तो दुसऱ्यास मार्मिक विनोद वाटला.

आमच्या मते या दोन हकीकतींच्या भेदापेक्षा त्यांतील साम्य अधिक बोलके आहे. मन शोकाने ढळलेले असो वा गर्विष्ठ सरदारास धडा देण्याइतके जागे असो, महाराजांना जवळचा वाटला तो खंड्याच. असे का व्हावे, याचे उत्तर त्यांच्या चरित्रात शोधले पाहिजे.

१६८९ साली रायगड मोगलांच्या हाती पडला, तेव्हा शाहू सात वर्षांचे होते. वडील औरंगजेबाच्या हातून मारले गेलेले, सोबत मातोश्री येसूबाई. बादशाही छावणीबरोबर फिरण्यात बालपण व तारुण्य सरले. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर १७०७ मध्ये सुटका झाली. परंतु येसूबाई ओलीस राहिल्या, त्या १७१९ मध्ये परत आल्या. सुटून येताच स्वकीयांशीच युद्ध करावे लागले. पुढे राज्य विस्तारले, तरी पोटी वारस उरला नाही. सकवारबाई व सगुणाबाई या राण्यांमधील तेढीने महालात स्वस्थता नसे, आणि अखेरच्या काळात गादीच्या वारसाचे कारस्थान अंथरुणाभोवतीच चालले. १७४९ च्या डिसेंबरात त्यांचे देहावसान झाले. अशा पुरुषाकडे येणारा प्रत्येक जण काही ना काही मागण्यासच येत असणार. खंड्याला सनद नको होती. धन्याच्या मस्तकी पगडी आहे की नाही, हेही तो पाहत नव्हता. कुत्र्याच्या सहवासाने मन हलके होते, त्याचे बीज येथे असावे: त्याच्यापुढे आपल्याला कोणी व्हावे लागत नाही.

आजचे शास्त्र या अनुभवास बव्हंशी दुजोरा देते. इंग्लंडातील यॉर्क येथे १७९६ साली उघडलेल्या मनोरुग्णांच्या आश्रमात रुग्णांच्या अंगणात ससे, कोंबड्या इत्यादी प्राणी मुद्दाम ठेवीत. न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ बोरिस लेविन्सन यांच्या कुत्र्याने एका अबोल मुलाशी वैद्याच्या आधी मैत्री जोडली. त्यावरून त्यांनी १९६२ साली कुत्र्यास उपचारातील सहकारी म्हणून मांडले. माणूस व कुत्रा परस्परांकडे टक लावून पाहत असता दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे स्नेहाशी निगडित द्रव्य वाढते, असे जपानी संशोधकांनी २०१५ साली दाखविले. शिवाय वेळेवर उठणे, फिरावयास जाणे, वाटेत चार माणसांशी बोलणे, ही शिस्त कुत्रा धन्यास लावतो. तथापि हे औषध सर्वांस सारखे लागू पडत नाही. पुष्कळ पाहण्यांत कुत्रा पाळणारे व न पाळणारे यांच्या मनःस्वास्थ्यात फारसे अंतर आढळलेले नाही. आणि कुत्र्याच्या आजाराची व मृत्यूची चिंता धन्यालाच वाहावी लागते. खंड्यानेही महाराजांचे दुःख दूर केले असे नव्हे. त्या दुःखात तो जवळ होता, एवढेच.

आम्हां बदलीच्या नोकरांस या इतिहासातून एक गोष्ट घेण्याजोगी आहे. परक्या मुलखात, जेथे आपली भाषा कचेरीच्या दारातच उतरवून ठेवावी लागते, तेथे संध्याकाळी दाराशी शेपूट हलविणारा जीव किती मोलाचा, हे सांगावयास नको. एका ठिकाणच्या वास्तव्यात आम्हांसही असा सोबती लाभला होता. त्याच्याशी मराठीत बोलावे, आणि त्याने कान टवकारून ऐकावे. तीन वर्षांनी बदलीचा हुकूम आला. सामान बांधले, मुलांचे दाखले काढले, आणि त्याला शेजारच्या चौकीदाराच्या स्वाधीन करून आम्ही गाडीत बसलो. नवीन गावी घर नक्की नव्हते, ही सबब खरी होती. परंतु फाटकापर्यंत धावत आलेला तो अद्याप आमच्या मनातून गेलेला नाही. आमचा मुक्काम तीन वर्षांचा, त्याचे आयुष्य दहाबारा वर्षांचे. हा हिशेब आम्ही त्याला घरात घेतानाच करावयास हवा होता.

ग्रँट डफला खंड्याची पालखी हा वेडाचा चाळा वाटला. आम्हांस तीत ऋणाची जाणीव दिसते. ज्या जीवाने आपल्याला सावरले, त्याची सोय आपल्या सोयीवर टाकू नये, एवढे भान त्या दुःखी राजास होते. माहुलीचा तो लहानसा दगड शहाण्यांना त्याचीच आठवण देत उभा आहे.