भिंतीतलं पाणी: ४१ तासांचा घटनाक्रम

मंगळवार, २९ जानेवारी २०१९, रात्री ९. उरले ४१ तास

शिकागोच्या पश्चिमेला, उपनगरात, एका मराठी कुटुंबाचं दुमजली घर. लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याहून आलेली आई विचारते, "अगं, हे यंत्र सारखं धापा का टाकतंय?" बेसमेंटमधली गॅसची फर्नेस पेटते, तीनेक मिनिटांत विझते. पंखा फिरतच राहतो. जरा वेळाने ती पुन्हा पेटते. जावई थर्मोस्टॅट पाहतो. लावलेत ६८ फॅरनहाइट, दिसतात ६७. "चालू आहे की, आई."

एरवीच्या थंडीत फर्नेस अशी सारखी बंद-चालू झाली, तर कदाचित ती घराच्या मानाने मोठी घेतली गेली असेल. पण ध्रुवीय वारे शहरावर उतरत असताना धडधाकट फर्नेस जवळपास अखंड जळत राहायला हवी. त्या रात्री ती थांबते, हीच धोक्याची खूण होती.

बुधवार, पहाटे ५. उरले ३३ तास

ओहेअर विमानतळावरचा पारा त्या दिवशी उणे २३ फॅरनहाइटला, म्हणजे उणे ३१ सेल्सिअसला टेकला. शाळा बंद, टपाल बंद, आणि रूळ गोठू नयेत म्हणून मेट्रा रेल्वेने सांध्यांपाशी गॅसच्या ज्वाळा लावलेल्या. घरात ६३. जावई थर्मोस्टॅट ७४ वर नेतो. त्याने काही होत नाही. साध्या फर्नेसला दोनच हुकूम कळतात, पेट आणि विझ.

सकाळी ११. उरले २७ तास

फर्नेसच्या छोट्या काचेआड एक दिवा ठरावीक वेळा लुकलुकतोय. त्या लुकलुकण्याचा अर्थ झाकणाच्या आतल्या बाजूला छापलेला असतो: लिमिट स्विच उघडला. झाकण कोणी काढत नाही. जावई वीज बंद करून पुन्हा चालू करतो. फर्नेस पेटते, सगळ्यांना हायसं वाटतं आणि तीन मिनिटांनी पुन्हा तेच.

लिमिट स्विच हा खरं तर राखणदार. हवा पुरेशी वाहिली नाही की ज्या पत्र्याच्या पोकळीतून ज्योतीची ऊब हवेला मिळते ती भलतीच तापते. ती तडकण्याआधी हा स्विच गॅस तोडतो. पंखा तिला निववतो, स्विच जुळतो, ज्योत परतते. म्हणजे यंत्र बिघडलेलं नव्हतंच, त्याची हवा अडवली होती. आणि अडवणारी दोन्ही कामं चांगल्या मनाने केलेली. बाळाला धूळ नको म्हणून जास्त मर्व्हचा, म्हणजे बारीक धूळही अडवणारा दाट फिल्टर बसवलेला, तोही दिवाळीपासून न बदललेला. आणि गॅसचं बिल कमी यावं म्हणून वरच्या रिकाम्या खोल्यांचे व्हेंट बंद केलेले. या दुसऱ्या उपायाने बिल वाचतं हा आपल्या लोकांचा फार लाडका गैरसमज आहे.

रात्री ८. उरले १८ तास

मेकॅनिक उद्याच येणार. एकाच लाइनवर दीड हजार वॅटचे दोन हीटर लावले जातात. १२० व्होल्टला ते २५ अँपिअर मागतात, सर्किट १५ चं. ब्रेकर पडतो. फोनवर कोणीतरी गॅसचा ओव्हन उघडा ठेवायला सुचवतं. लेक ठाम नाही म्हणते. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. दोन दिवसांतला हा एक निर्णय बिनचूक.

गुरुवार, रात्री १. उरले १३ तास

पुन्हा पुन्हा पेटून-विझून फर्नेसने स्वतःला कुलूप लावलंय. दिवाणखान्यात ५१. पण दिवाणखान्यात ५१ म्हणजे गॅरेजलगतच्या भिंतीत ५१ नव्हे. वरच्या मजल्यावर, व्हेंट बंद असलेल्या खोलीच्या बाथरूममध्ये नळाला पाणी नाही. जावयाला वाटतं, सकाळी बघू.

गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं. तरी पाइप बर्फाच्याच जागी फुटेल असं नाही. बर्फाची गाठ आणि बंद नळ यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्याचा दाब चढत जातो आणि पाइप तिथे कुठेतरी उलतो. नळ सोडून ठेवला असता तर दाबाला वाट मिळाली असती. उललेला पाइप मात्र बर्फ आहे तोवर गळत नाही.

सकाळी ९. उरले ५ तास

मेकॅनिक फिल्टर ओढून काढतो, व्हेंट उघडायला लावतो. फर्नेस पेटते आणि पेटलेली राहते. चहा होतो. मेकॅनिकचं काम उबेपुरतं, तो जातो. पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करावा, हे कोणाच्याच मनात येत नाही.

दुपारी २

घरात ६४. भिंतीतला बर्फ सुटतो. स्वयंपाकघराचं छत आधी फुगतं, मग ओल्या प्लास्टरसकट ओट्यावर कोसळतं. व्हॉल्व्ह बेसमेंटमध्ये खोक्यांमागे असतो, आणि तो सापडेपर्यंत लाकडी जमिनीवर घोट्याएवढं पाणी.

थंड मुलुखात राहत असाल तर हिवाळ्यात दर महिन्याला फिल्टर उजेडात धरून बघा. फर्नेस एकाच दिवशी दुसऱ्यांदा रीसेट करावी लागली तर हात आवरा आणि झाकणामागचा तक्ता वाचा. आणि पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे ते घरातल्या प्रत्येकाला, पाहुण्यांनासुद्धा, आजच दाखवून ठेवा.